किनाऱ्यावरच्या पॉलिश काँक्रीटच्या जमिनीवर दरवर्षी मीठ फुटतं, त्याचं काय करायचं

दिवाळी उरकते, पाऊस पुरता थांबतो, हवा कोरडी पडायला लागते आणि किनाऱ्यावरून फोन सुरू होतात. तक्रार बहुतेक एकच असते. आरशासारखा गुळगुळीत केलेला करडा कोबा भिंतीकडून पांढरा पडायला लागला आहे. पुसला की जातो, चार दिवसांनी परत येतो. काही ठिकाणी वरच्या सीलरला, म्हणजे जमिनीवर दिलेल्या संरक्षक लेपाला, फोड आलेत, पोपडे सुटताहेत. मागच्या वर्षीही हेच झालं होतं, तेव्हा घासून नवा सीलर मारून घेतला होता. आता पुन्हा तेच.

मालवणजवळच्या देवबागच्या एका होमस्टेला मी गेलो, तेव्हा त्यांचं हे तिसरं वर्ष होतं. चार खोल्या, समोर जेवणाचा पडवीवजा भाग, सगळीकडे पॉलिश काँक्रीट. ज्यांनी ते काम केलं होतं त्यांचा हात चांगला होता, घोटाई सुरेख होती, हे आधी सांगतो. पहिल्या वर्षी मालकांनी फिनेल टाकून पुसून काढलं. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सल्ल्याने ॲसिडने धुतलं आणि वर चकचकीत सीलर दिला. तिसऱ्या वर्षी सीलरखाली ढगांसारखे पांढरे डाग आणि दाराजवळ सुपारीएवढे फोड. दरवेळी खर्च वरच्या अर्ध्या मिलिमीटरवर झाला होता. जमिनीखाली काय चाललंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

मीठ एकटं हलत नाही. त्याला पाणी वर आणतं, पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. म्हणून पांढरं दिसलं की पुसायच्या आधी विचारायचं ते एवढंच, की पाणी कुठून आलं. किनाऱ्यावर त्याची उत्तरं तीन: हवेतून, खालच्या जमिनीतून, किंवा काँक्रीटच्या पोटात आधीच मीठ आहे आणि तेच हवेतली ओल ओढून घेतंय. तिन्हींचे उपाय एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर दुखणं वाढतं.

घाम की ओल?

कुठलंही सामान विकत घ्यायच्या आधी जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून जमिनीवर हवाबंद चिकटवा. त्या जागी थेट ऊन येत नसावं, खोलीतला एसी बंद असावा. ही चाचणी किमान सोळा तासांची असते, पण किनाऱ्यावर मी ती दोन-तीन दिवस ठेवतो. मग प्लास्टिकची कुठली बाजू ओली आहे ते पाहायचं. वरून थेंब आणि खाली कोरडं, म्हणजे हवेतला दमटपणा थंड जमिनीवर बसतोय, हा घाम. खालच्या बाजूला थेंब किंवा काँक्रीट गडद झालेलं, म्हणजे पाणी खालून येतंय. एका खोलीत एकच तुकडा पुरत नाही. भिंतीजवळ एक, मधोमध एक, न्हाणीघराच्या बाजूला एक असे लावा.

घामाचा प्रकार हल्ली फार वाढला आहे आणि त्याला कारण एसी. गणित असं आहे. हवा 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर 27 अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव पडतं. रात्रभर एसी लावलेल्या खोलीतली जमीन 24-25 अंशांवर आलेली असते. सकाळी पाहुणे बाहेर पडतात, साफसफाईला आलेली ताई दार-खिडक्या सताड उघडते आणि दहा मिनिटांत जमीन ओली. ती बिचारी पुसत राहते, मालकांना वाटतं खालून पाणी येतंय. यावरच्या उपायाला एक पैसाही लागत नाही. एसी बंद करून दार मिटलेलंच ठेवायचं, पंखा लावायचा, जमीन तापू द्यायची आणि मग खिडक्या उघडायच्या. एसी 26 वर ठेवला तर आणखी बरं. जूनच्या पहिल्या दमट वाऱ्यात तळमजल्याच्या बंद खोल्यांना घाम येतो, तोही याच जातीचा. तिथे पंखा सतत फिरता ठेवा, जमत असेल तर हवेतली ओल शोषणारं यंत्र लावा. घामाने मीठ सहसा फुटत नाही, पण ओला पॉलिश कोबा निसरडा होतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे हलक्यावर घेऊ नका.

पांढरं नेमकं काय आहे

आता दुसरी तपासणी. पांढरी पूड सुरीने हलकेच खरवडून एका चमच्यात घ्या. जमिनीवरच प्रयोग करू नका, कारण काँक्रीट स्वतःच आम्लाने फसफसतं आणि फसगत होते. चमच्यात साधं पाणी घाला. पूड विरघळली तर ते मीठ, म्हणजे समुद्राचं मीठ किंवा तसलेच विरघळणारे क्षार. न विरघळता खाली बसली, आणि व्हिनेगरचे दोन थेंब टाकल्यावर फसफसली, तर तो चुना. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून घट्ट होतो.

चुना त्यातल्या त्यात सोपा. नव्या कामात पहिल्या एक-दोन वर्षांत तो येतो आणि पाण्याची वाट बंद केली की हळूहळू कमी होतो. कोरड्या ब्रशने झाडा, नायलॉनच्या पॅडने घासा, फारच घट्ट असेल तर 200 किंवा 400 नंबरच्या रेझिन पॅडने (नंबर जितका मोठा, तितकी घासाई बारीक) मशीन फिरवून घ्या.

एक तिसरीच गोष्ट वेळ वाया घालवते. पॉलिश करताना जमीन कडक व्हावी म्हणून डेन्सिफायर देतात, म्हणजे सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण. ते मोकळ्या चुन्याशी मिळून सिमेंटसारखाच कठीण पदार्थ तयार करतं. पण जास्तीचं द्रावण वेळेवर पुसून काढलं नाही तर ते वरच सुकतं आणि पांढरी काचेसारखी खपली धरते. काम संपल्यावर चार-आठ दिवसांतच पांढरं दिसलं, आणि त्याचा आकार पोछ्याच्या फराट्यांसारखा किंवा थारोळ्यासारखा असेल, तर ते बहुतेक हेच. त्यासाठी ओल शोधत बसू नका, काम करणाऱ्याला बोलावून पुन्हा घासून घ्या.

ॲसिडची बाटली खाली ठेवा

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दुकानात लादी धुवायला मिळतं ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते चुना खातं हे खरं. जमीन धुतल्यावर दोन दिवस स्वच्छ दिसते हेही खरं. पण आम्ल आणि चुना मिळून जे तयार होतं ते कॅल्शियम क्लोराईड, आणि ते छिद्रांतून आत मुरतं. हवेची आर्द्रता जेमतेम तिसेक टक्के असली तरी हा क्षार हवेतलं पाणी ओढून ओला होतो. किनाऱ्यावर हवा तेवढी कोरडी जवळजवळ कधीच नसते. म्हणजे ओल घालवायला म्हणून जे वापरलं, त्याने जमिनीला कायम ओलं राहायची सोय करून दिली. शिवाय क्लोराईड आतल्या सळीपर्यंत पोचलं तर गंज धरतो, आणि पॉलिश खरबरीत होतं ते वेगळंच.

देवबागच्या त्या घरात जेवणाच्या जागेत ढगांसारखे जे डाग होते, तिथे प्लास्टिक लावलं तेव्हा मार्चमध्ये खालची बाजू कोरडी निघाली. खालून पाणी नव्हतं. ॲसिड धुताना उतारामुळे जिथे साचलं होतं, नेमके तिथेच डाग होते. आम्ही वरचा सीलर घासून काढला, गोड्या पाण्याने जमीन भिजवली, ओलं पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने लगेच उपसली, आणि हे पाच वेळा केलं. पोछ्याने हे काम होत नाही, कारण पोछा तेच पाणी पुन्हा पसरवतो.

खालून येणारं पाणी

प्लास्टिकची खालची बाजू ओली निघाली, तर पंचांग घेऊन बसा. देवबाग, तारकर्लीसारख्या नदी आणि समुद्राच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यांवर भूजल फार वर असतं, आणि भरती-ओहोटीबरोबर ते हलतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओल वाढते आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत कमी होते का, हे एक महिना तारखेसह लिहून ठेवा. त्या घरातल्या आजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "उधाण इला काय जमीन भिजता." खोली नंबर एकमध्ये ते अक्षरशः तसंच होतं, आणि त्या एका वाक्याने माझे आठ दिवस वाचले.

ओलीचं उधाणाशी नातं दिसलं नाही तर कारण जवळपासच असतं आणि सहसा स्वस्तात सुटतं. पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या पायाशी पडतंय का? भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करून त्याला रोज पाणी घातलं जातंय का? अंगणाची फरसबंदी घराकडे उतरते का? शोषखड्डा किती जवळ आहे? न्हाणीघराचा उंबरठा आणि मोरीचा सांधा गळतो का? खोली नंबर तीनमध्ये दोष फक्त बाहेरच्या शॉवरचा होता. पाय धुण्यासाठी केलेल्या त्या जागेचं पाणी जोत्यात मुरत होतं. पन्हळ बसवली, उतार फिरवला, आणि पुढच्या हिवाळ्यात तिथे पांढरं दिसलं नाही.

पांढरा पट्टा फक्त भिंतीलगत फूटभर असेल तर जमिनीपेक्षा भिंतीवर संशय घ्या. जांभा चिरा सच्छिद्र असतो, पायातलं पाणी चढवतो आणि जोत्यावर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, नसेल तर ती ओल कडेने कोब्यात उतरते. अशा घरात जमिनीवर कितीही लेप द्या, उपयोग नाही.

भूजलच असेल तर खरा इलाज दोनच. पहिला, सगळं उखडून खाली ओलरोधक पत्रा, म्हणजे जाड प्लास्टिक, घालून नव्याने करणं. दुसरा, जमिनीला श्वास घेऊ देणं. वरचा पातळ थर पूर्ण काढायचा, फक्त डेन्सिफायर ठेवायचा, हिवाळ्यात येईल ते मीठ कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढत राहायचं. ओल्या फडक्याने पुसलं की मीठ विरघळून परत आत जातं, म्हणून आधी नेहमी कोरडंच. मीठ फार असेल तर कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून अर्धा इंच जाड थापा, पूर्ण सुकू द्या आणि काढून टाका. सुकताना लगदा मीठ स्वतःत ओढून घेतो. दोन-तीनदा केलं की फरक दिसतो.

आपल्या जुन्या घरांत शेणाने सारवलेल्या जमिनीला हा त्रास जाणवत नसे. त्या जमिनीतून ओल सहज उडून जायची, आणि मीठ आलं तरी पुढच्या सारवणात वरचा थर बदलायचा. पॉलिश काँक्रीटला ती मोकळीक आपण देत नाही, उलट वरून झाकण लावतो.

बाजारात ओल अडवणारे दोन भागांचे इपॉक्सी प्रायमर मिळतात. ते चालतात, पण वरचं मीठ लागलेलं कातडं ग्राइंड करून काढल्यावरच. शिवाय त्यावर नवा सिमेंटचा थर घालून पुन्हा पॉलिश करावं लागतं, म्हणजे जमिनीची उंची वाढते, दारं कापावी लागतात. मिठाच्या थरावर थेट इपॉक्सी मारलं तर ते वर्षभरात सुटतं.

पोटातलं मीठ

प्लास्टिकखाली उन्हाळ्यात कोरडं, ॲसिड कधी लावलेलं नाही, पागोळ्या ठीक, तरी ठराविक चौकोनात दर पावसाळ्यात गडद ओल आणि हिवाळ्यात पांढरी पूड. अशा वेळी बांधकामाच्या दिवसांत जा. वाळू कुठली होती? पाणी कुठलं? साधं मीठ आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं आणि खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. कोकणातला पावसाळा आणि हिवाळा म्हणजे नेमकी हीच वर-खाली.

आयएस 456 या आपल्या मानकात साध्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईडची मर्यादा लिटरला 2000 मिलिग्रॅम आहे आणि सळी असलेल्या काँक्रीटसाठी 500. समुद्राच्या पाण्यात ते 19,000 च्या घरात असतं. किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि कोब्याची घाई नेमकी मे महिन्यात, पावसाच्या आधी उरकून घ्यायची असते. काँक्रीटमध्ये गेलं ते गेलंच, शिवाय क्युअरिंगलाही तेच पाणी मारलं जातं. पाण्याची बाटली प्रयोगशाळेत द्या, अहवाल हातात येईपर्यंत काम थांबवा. खाडीची वाळू घ्यावीच लागली तर गोड्या पाण्याने धुऊन, आणि धुवण तपासून. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर दुधासारखं पांढरं झालं, तर मीठ अजून आहे.

मीठ पोटात असलेल्या जुन्या जमिनीला पूर्ण बरं करता येत नाही, हे मी घरमालकांना स्पष्ट सांगतो. वरचे काही मिलिमीटर घासून, लगदा लावून, मग सिलेन-सिलॉक्सेन जातीचा आत मुरणारा सीलर देऊन ते बरंच काबूत आणता येतं. हा सीलर छिद्रं बुजवत नाही, फक्त त्यांच्या भिंती पाणी नाकारतात. वाफ बाहेर जाऊ शकते, पण वरचं सांडलेलं पाणी आत शिरत नाही.

फोड आले असतील तर

एक फोड सुईने फोडा. आत पाणी निघालं तर खालून दाब आहे आणि थर द्यायलाच नको होता. आत कोरडी पूड निघाली तर ओलीचा दोष नाही, सीलर देण्याआधी जमीन नीट साफ झाली नव्हती, किंवा वरचं कातडंच कच्चं आहे. कच्चं कातडं बहुतेक गवंडीकामातून येतं. घोटताना वर पाणी आलं की सुकं सिमेंट भुरभुरवून ते टिपायची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याने वर चमक लवकर येते, पण तो थर पुढे सुटतो. ॲक्रिलिक, इपॉक्सी, पॉलियुरेथेन, नाव कुठलंही असो, तळमजल्यावर खाली ओलरोधक पत्रा असल्याची खात्री नसेल तर मी असा थर देत नाही. काही गिऱ्हाईकं त्यामुळे दुसरीकडे गेली आहेत.

नव्याने करत असाल तर

जोत्यात समुद्राची वाळू भरू नका, मुरूम किंवा चिऱ्याचे तुकडे भरा. सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर पीसीसी म्हणजे बिनसळीचं साधं काँक्रीट, त्यावर 250 मायक्रॉनचं, म्हणजे बाजारातल्या भाषेत 1000 गेजचं पॉलिथिन. जोड किमान सहा इंच एकमेकांवर, चिकटपट्टीने बंद, कडेला भिंतीवर वळवलेलं. सगळ्या खर्चात हा पत्रा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी गाळला जाणारा. त्यावर किमान एम 25 प्रतीचं काँक्रीट, पाणी बेताचं. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) किंवा फ्लायॲश (कोळशाची राख) असलेलं सिमेंट किनाऱ्यावर चांगलं, त्यात मोकळा चुना कमी उरतो, पण क्युअरिंग किमान दहा दिवस आणि शक्यतो चौदा. सांधे दुसऱ्या दिवसाच्या आत, जाडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत कापून घ्या. पॉलिश अठ्ठावीस दिवसांनी, नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. पडवीत आणि न्हाणीघराजवळ 400 नंबरवर थांबा. 3000 पर्यंत नेलेली चमक ओल्या पायांना धोक्याची आहे.

भलत्याच गोष्टींचा दोष ओलीवर टाकू नका. खाणावळीत टेबलाखाली गोल निस्तेज डाग असतील तर ते कोकमाचं आगळ आणि लिंबू. आम्ल आहे, पॉलिश खाणारच. सांडल्या सांडल्या पुसणं एवढंच हातात आहे. दारापाशी चमक गेली असेल तर ती पायांबरोबर आलेली वाळू, तिच्यातली गारगोटी काँक्रीटपेक्षा कठीण असते. बाहेर पाय धुवायची जागा, तिला जोत्यापासून लांब जाणारा उतार आणि आत काथ्याचं पायपुसणं ठेवा.

देवबागच्या त्या घरात आता तीन खोल्या आणि जेवणाची जागा कोरडी आहे. खोली नंबर एक उखडायला मालकांची यंदा तयारी नाही, म्हणून तिथला सीलर काढून जमीन उघडी ठेवली आहे. मोठ्या उधाणाला दोन दिवस ती गडद होते आणि मग सुकते. त्या दिवसांत त्या खोलीत सतरंजी अंथरायची नाही, एवढं आजी स्वतः पाहतात.